मागच्या अंगणातलं आउटहाउस: कोण राहणार हे ठरलेलं नसताना बांधायचं कसं

सासूबाईंसाठी म्हणून आम्ही मागच्या अंगणात आउटहाउस बांधलं. बांधून झाल्यावर त्या तिथे एक रात्रही झोपल्या नाहीत. "एवढ्या लांब टाकता का मला," म्हणाल्या, आणि विषय संपला. नंतर तिथे माझा भाचा दोन वर्षं बारावी आणि नीटचा अभ्यास करत राहिला, लॉकडाउनमध्ये यांचं ऑफिस तिथे चाललं, नणंदेचे यजमान ऑपरेशननंतर दीड महिना राहिले. सध्या एक किरायदार मुलगी आहे, मिहान या औद्योगिक भागात नोकरी करते. यातलं काहीही आम्ही ठरवलेलं नव्हतं.

नागपुरात अजून मोठे प्लॉट आहेत, मागे जागा आहे, आणि "पाहुण्यांसाठी एक खोली काढू" हा विषय दर दुसऱ्या घरात निघतो. हिवाळी अधिवेशन, लग्नसराई, दवाखान्यासाठी छिंदवाडा-बालाघाटहून येणारे नातेवाईक. पाहुणे इथे कमी नसतातच. पण पुढे त्या खोलीचं काय होणार, हे बांधताना कोणालाच माहीत नसतं. आम्ही काही गोष्टी बरोबर केल्या, काही चुकल्या. दोन्ही सांगते.

माझं सूत्र एवढंच: जे जमिनीत आणि भिंतीत जातं ते आधी, नीट, पैसे खर्चून करा. जे डोळ्याला दिसतं ते नंतर करता येतं. आपण बहुतेक जण नेमकं उलटं करतो. टाइल्स निवडायला चार दुकानं फिरतो आणि ड्रेनेजचा उतार मिस्त्रीवर सोडतो.

१. आधी वही काढा, नकाशा नाही

आर्किटेक्टकडे जाण्याआधी एका पानावर पुढच्या वीस वर्षांत तिथे कोण कोण राहू शकेल ते लिहा. म्हातारे आईवडील, परत आलेला मुलगा आणि सून, शिकणारा भाचा, किरायदार, आजारी माणूस आणि त्याच्यासोबतची नर्स, घरातलंच कोणी ट्यूशन घेणारं, योगाचा वर्ग, किंवा नुसतंच सामान. प्रत्येकासमोर त्याला काय लागेल तेही लिहा.

आमच्या पानावर दोन गोष्टी जवळजवळ प्रत्येकासमोर आल्या: आतच असलेलं, ऐसपैस संडास-बाथरूम आणि घरातून न जाता थेट येण्याचा रस्ता. स्वयंपाकाचा ओटा निम्म्यांनाच लागत होता. बेडरूम वेगळी हवी असं तर फक्त एकासमोर आलं. नकाशा या पानावरून निघाला पाहिजे. आमचे दीर म्हणाले होते, "वन बीएचके काढून टाका, सरळ." काढलं असतं तर चिमुकला हॉल आणि चिमुकली बेडरूम झाली असती, दोन्ही कुणाच्याच कामाच्या नाहीत.

२. प्लॉट कोणाच्या हद्दीत आहे आणि कागद काय लागतात

नागपुरात हा प्रश्न सोपा नाही. शहरात महापालिका आहे, आणि १९३६ च्या कायद्याने आलेला सुधार प्रन्यासही आहे. शहराच्या बाहेर गेलात की महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. आपल्या लेआउटचा नकाशा कोण मंजूर करतं हे आधी विचारून घ्या. शेजाऱ्याचं ऐकून चुकीच्या खिडकीवर दोन महिने घालवलेले लोक मी पाहिले आहेत.

साधारण हे कागद एका फाइलमध्ये ठेवा:

- विक्रीपत्र, प्रन्यासाचा लीजचा प्लॉट असेल तर लीज डीड आणि तिचं नूतनीकरण झालंय का ते
- आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा सातबारा
- गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेला लेआउट असेल तर प्लॉट नियमित केल्याचं पत्र (आरएल लेटर) आणि त्यासाठीची रक्कम (डिमांड) भरल्याची पावती
- मोजणीचा नकाशा
- मुख्य घराचा जुना मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम पूर्ण झालं, राहायला हरकत नाही असा दाखला)
- चालू वर्षाची मालमत्ता कराची पावती
- आर्किटेक्टचे नकाशे आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र

सगळ्यात जास्त अडकतं ते जुन्या मंजूर नकाशापाशी. तो सापडत नाही, किंवा सापडतो तेव्हा कळतं की मागची पडवी त्यात नव्हतीच. ते आधी निस्तरावं लागतं.

डिसेंबर २०२० पासून राज्यातल्या बहुतेक शहरांना एकच बांधकाम नियमावली लागू आहे. मार्जिन, म्हणजे हद्दीपासून मोकळी जागा, किती सोडायचं, एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण) किती शिल्लक आहे, दोन इमारतींत अंतर किती हवं, हे प्लॉटच्या आकारावर आणि समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. मागच्या मार्जिनमध्ये भिंतीला चिकटून खोली काढणं ही आपल्याकडची जुनी सवय. आज कोणी बोलत नाही, पण शेजाऱ्याशी एकदा बिनसलं किंवा घर विकायला काढलं की तीच खोली गळ्यात येते. आणखी एक: नकाशात पूर्ण स्वयंपाकघर दाखवलं की ती वेगळी सदनिका धरली जाऊन पार्किंगचा हिशेब बदलू शकतो. आर्किटेक्टला हे स्पष्ट विचारा.

क्रम लक्षात ठेवा: आधी बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, मग जोत्यापर्यंत काम आलं की जोते तपासणी, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. मधली तपासणी बरेच जण विसरतात.

३. माती आणि जोतं

खड्डा खणून माती बघितल्याशिवाय पायाचं बोलू नका. शहराच्या बऱ्याच भागात वर काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात भेगांत हात जाईल इतकी. छोटं बांधकाम आहे म्हणून दोन फूट खणून त्यावर विटांची भिंत उभी करणारे ठेकेदार खूप आहेत. "बाई, एवढ्याशा खोलीले कायले पाहिजे कॉलम," हे मला दोघांनी ऐकवलं. उलट आहे. हलकी खोली फुगणाऱ्या मातीवर जास्त हलते, कारण तिला दाबून धरायला वजनच नसतं. खालचा पक्का मुरूम किंवा खडक लागेपर्यंत जा. खूप खोल असेल तर इंजिनिअर वेगळा पाया सुचवेल. जोत्याच्या पातळीला बीम फिरवा, आतली काळी माती काढून मुरूम भरा आणि पाणी मारून थरथराने ठोका. याच वेळी उधईचं औषधही मारून घ्या, फरशी बसल्यावर तिच्याखाली नीट पोचता येत नाही.

कॉलम-बीमचा सांगाडा घेतला की आतल्या भिंती भार घेत नाहीत. उद्या एखादी भिंत पाडायची किंवा सरकवायची तर पाडता येते, आपल्याला हवी असलेली मोकळीक तिथून येते. पुढे वर मजला चढवायची शक्यता असेल तर पाया आणि कॉलम आत्ताच त्या हिशेबाने घ्या. फक्त स्लॅबवर सळाखी उघड्या ठेवू नका. अर्ध्या नागपूरच्या गच्च्यांवर त्या गंजत उभ्या आहेत. दुबळ्या काँक्रीटमध्ये झाकून ठेवा, लागतील तेव्हा फोडून काढता येतात.

आता जोत्याची उंची. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हापासून सगळे म्हणतात जोतं उंच घ्या. घ्याच. रस्त्याची पातळीही दर डांबरीकरणाला वर येते, तिचाही विचार करा. पण पहिल्या पानावर "म्हातारे" लिहिलं असेल तर दुसरं गणितही करा. व्हीलचेअरच्या रॅम्पला १ ला १२ उतार लागतो. म्हणजे दोन फूट जोत्याला चोवीस फूट रॅम्प आणि वर दारापाशी वळायला पाच फुटांचा सपाट ओटा. एवढी जागा नंतर आणणार कुठून? आमचं बांधकाम बाहेरून २६ बाय १४ फूट आहे. त्याच्या लांब बाजूला चार फूट पट्टा मोकळा सोडला, नकाशात दाखवून घेतला, आणि तिथे चार वर्षं कुंड्या ठेवल्या. नणंदेचे यजमान ऑपरेशन होऊन आले तेव्हा आठवड्यात रॅम्प झाला.

४. घाण पाणी कुठे जाणार

हा मुद्दा सगळ्यात रटाळ आहे आणि सगळ्यात महत्त्वाचा. आउटहाउस मागे, गटर लाइन समोरच्या रस्त्यावर. मधे तुमचं अख्खं घर.

आमच्या बाथरूमपासून समोरच्या चेंबरपर्यंत ऐंशी फूट अंतर आहे. चार इंची पाइपला १ ला ६० उतार धरला तरी सोळा इंच खाली जावं लागतं. समोरचं चेंबर तेवढं खोल आहे का, हे जोतं ठरवायच्या आधी मोजा. मिस्त्री पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढतो, अर्ध्या तासाचं काम. हे न मोजता बांधलं की शेवटी दोनच पर्याय उरतात: बाथरूमची फरशी खोलीपेक्षा एक पायरी उंच करायची (आणि म्हाताऱ्याने रोज ती चढायची), किंवा मागेच सेप्टिक टँक खणायचा.

घराच्या कडेने जाणाऱ्या पाइपला प्रत्येक वळणावर चेंबर ठेवा. गाडी जाते त्या भागात पाइप खोल घ्या, वर काँक्रीट टाका. आणि हा पट्टा पुन्हा खणायचाच नाही असं धरून त्यातच पिण्याच्या पाण्याची नळी, विजेची केबल आणि दोन रिकामे पाइप टाकून घ्या. पिण्याची नळी गटाराच्या पाइपला लागून नको. अंतर ठेवा आणि ती वरच्या पातळीला घ्या.

रिकामे पाइप कशाला, असं यांनी विचारलं तेव्हा आमचा मिस्त्रीच म्हणाला, "राहू द्या साहेब, पाइप काय खायले मागते का?" त्यातल्या एकातून पुढे इंटरनेटची केबल गेली. दुसरा अजून रिकामाच आहे.

५. एक मोठी खोली आणि एक बिननावाची

आतून आमची रचना अशी: १५ बाय साडेबाराची एक मोठी खोली, आणि शेजारच्या नऊ फुटांच्या पट्ट्यात एकीकडे ९ बाय ६ चं बाथरूम, दुसरीकडे तेवढीच एक छोटी खोली. त्या छोट्या खोलीला आम्ही मुद्दाम नाव दिलं नाही. भाच्याची ती अभ्यासाची होती, यजमानांच्या वेळी तिथे रात्रीची बाई झोपायची, आता तिथे ओटा आणि शेगडी आहे. मोठी खोलीही एवढी आहे की मधे कपाटांची रांग किंवा जाड पडदा लावला की दोन भाग होतात.

युक्ती आहे ती बाथरूम आणि छोटी खोली यांच्यामधल्या भिंतीत. नळाच्या आणि सांडपाण्याच्या सगळ्या नळ्या त्या एकाच भिंतीत आहेत. बाथरूमच्या बाजूने त्या चालू होत्या, छोट्या खोलीच्या बाजूने तोंडं बंद करून प्लास्टरमध्ये झाकलेली. ओटा करायची वेळ आली तेव्हा दोन टाइल्सएवढी जागा फोडावी लागली, बस.

बाथरूमला कंजुषी करू नका. व्हीलचेअर वळायला पाच फुटांचं वर्तुळ लागतं. आंघोळीच्या जागेला उंबरा नको, नुसता उतार. कमोडशेजारच्या भिंतीला पुढे धरायची दांडी लागेल, म्हणून ती भिंत भरीव विटेची घ्या. एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र सिमेंटचे ठोकळे) गरमीला चांगले, पण साध्या स्क्रूला धरत नाहीत, आणि दांडीवर अख्ख्या माणसाचं वजन येतं.

६. दारं: आमची चूक इथे झाली

ठेकेदाराने बाथरूमला नेहमीप्रमाणे अडीच फुटांचं दार बसवलं. मी तेव्हा लक्ष दिलं नाही. चौकटीचे दोन्ही बाजूंचे अडीच-अडीच इंच गेले की उरतात पंचवीस इंच, आणि व्हीलचेअरच जवळपास तेवढी रुंद असते. यजमान येणार त्याच्या आदल्या रविवारी चौकट उखडली, टाइल्स फोडल्या, धूळ अख्ख्या घरात. नव्या टाइल्स जुन्यांशी जुळल्या नाहीत ते वेगळंच.

भिंतीतली जागाच साडेतीन फूट सोडा, म्हणजे चौकटीनंतर तीन फूट मोकळे मिळतात. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं.

बाहेरची दारं दोन ठेवा. एक आपल्या अंगणाकडे, एक कंपाउंडच्या बाजूच्या बोळाकडे. घरचं माणूस राहत असेल तर अंगणाकडचं चालतं, किरायदार आला की तेच आपल्या बाजूने बंद करायचं आणि त्याने बोळातून ये-जा करायची. भाच्याच्या काळात बोळाकडच्या दाराला कुलूप होतं, आता अंगणाकडच्याला आहे.

७. ऊन

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि चारी बाजूंनी उघडी एकमजली खोली म्हणजे भट्टी. लांब भिंती उत्तर-दक्षिण तोंडाच्या ठेवता आल्या तर बघा. पश्चिमेला बाथरूम आणि ती छोटी खोली टाका, म्हणजे दुपारचं ऊन त्या खातील आणि मोठी खोली वाचेल. खिडक्यांवर दोन ते अडीच फूट छज्जा. गच्चीवर पांढरा चायना मोझॅक किंवा दर उन्हाळ्याआधी पांढरा थर. छताची उंची नियमात पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट. आम्ही साडेदहा घेतली. पाण्याची टाकी आउटहाउसवर उन्हात ठेवू नका, दुपारी नळाला हात लावता येत नाही.

कूलरची जागा भिंत बांधतानाच ठरवा. सावलीच्या बाजूला अडीच बाय अडीचचा झरोका, बाहेर कूलर टेकायला कट्टा, शेजारी पाण्याचा कॉक आणि प्लग. समोरच्या भिंतीत हवा बाहेर जायला खिडकी हवीच, नाहीतर खोलीत नुसती ओल साचते. तयार घरात नंतर ग्रिल कापून, लाकडी घोडीवर कूलर टांगणारे लोक बघा आणि धडा घ्या. पावसाळ्यात कूलर निकामी, म्हणून एसीसाठी वेगळी लाइन आत्ताच ओढा, तार ४ चौरस मिलिमीटरची.

८. वीज आणि मोजमाप

आउटहाउसला स्वतःचा छोटा डीबी (स्विच-फ्यूजचा बोर्ड) आणि सबमीटर लावा. घरचंच कोणी राहत असेल तर त्याकडे बघू नका, किरायदार असेल तर महिन्याची कटकट वाचते. ट्यूशन क्लास किंवा ऑफिस किरायाने दिलंत तर महावितरणचा घरगुती दर चालत नाही, हे लक्षात असू द्या. महापालिकेचा करही वापर बदलला की बदलू शकतो.

प्लास्टरच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, भिंतीला टेप लावून. कुठली तार, कुठली नळी किती उंचीवर आहे ते दिसलं पाहिजे. आमच्याकडे हे फोटो होते म्हणूनच ओट्याच्या वेळी दोनच टाइल्सएवढी जागा फोडावी लागली.

९. काम कधी काढायचं

दिवाळी झाली की. मजूर भंडारा, गोंदिया, बालाघाटकडचे असतात. होळीला जातात, मग कोणी मोहाला, कोणी तेंदूपत्त्याला थांबतात, आणि जुलैत धानाच्या रोवणीला पुन्हा गावी. स्लॅब फेब्रुवारीच्या आत पडेल असं बघा. एप्रिल-मेच्या उन्हात काँक्रीटचं पाणी उडून जातं आणि पुढे केसासारख्या भेगा दिसतात. हल्लीचं बहुतेक सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, असतं. कोरड्या गरमीत त्याला चौदा दिवस तरी ओलं ठेवावं लागतं. ठेकेदार "सात दिवस झाले" म्हणून पाळी मोडेल. तुम्ही मोडू नका, पाइप घेऊन स्वतः गच्चीवर चढा.

१०. परकं माणूस ठेवताना

किरायदार ठेवायचा तर लीव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी वापराची परवानगी देणारा) करार करा आणि नोंदणी करा. "अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही" हे महाराष्ट्रात खरं नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. घरबसल्या ऑनलाइन होतं. पोलीस ठाण्यात किरायदाराची माहितीही द्या. ताडोबा-पेंचला जाणाऱ्या पर्यटकांना दिवसावर खोली द्यायचा विचार असेल तर तो वेगळा प्रकार आहे, त्यासाठी पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणीची सोय आहे. आम्ही एका हिवाळ्यात तो विचार केला होता. पहाटे चार वाजता गाडी, चहा, गरम पाणी हे माझ्याच्याने होणार नाही म्हणून सोडून दिला.

किरायदाराला चावी देताना बोळाकडच्या दाराची द्या, अंगणाकडच्या कडीला आपल्या बाजूने कुलूप घाला, आणि पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे ते त्याला पहिल्याच दिवशी दाखवा.